उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जुन्या व्हिडिओ गेम्सची बैठक कशी जमवायची, खास नागपूरवाल्यांसाठी

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते हे काही नवीन सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास, नवतपा लागला की तं रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आणि सुट्टीला आलेले मामेभाऊ, मावसबहिणी, शेजारचे पोट्टे सगळे एकाच खोलीत, एकाच कूलरसमोर पडलेले, प्रत्येक जण आपापल्या फोनमधे. सहा जण सहा वेगळे गेम खेळून राह्यले आणि बाजूचा काय खेळतो हे कोणालाच माहीत नाही. मला हे बघवत नाही. कारण हीच दुपार, हेच लोक, हाच कूलर वापरून गेम्सची जबरदस्त बैठक होते आणि त्यासाठी फार पैसेही लागत नाहीत.

मी गेम्सचा वेडा माणूस आहे, गेम कोणी बनवला, कधी आला, त्यात कोणता बग आहे हे सगळं मला तोंडपाठ असतं आणि ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. पण बैठकीचा माझा एकच नियम आहे, बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं: बैठक मांडायची ती ज्याने कधी गेम खेळला नाही त्याच्यासाठी. पट्टीचे खेळाडू कुठेही खेळतात, त्यांची सोय त्यांनी आधीच करून ठेवली असते. ज्या आत्याने आयुष्यात कंट्रोलर हातात घेतला नाही ती संध्याकाळी "अजून एकदा मले दे" म्हणाली पाहिजे.

आधी गेम ठरवा, मशीन नंतर

लोक उलटं करतात, आधी कन्सोलच्या मागे लागतात. गेम निवडताना तीन गोष्टी बघा: एकच स्क्रीन असावी आणि ती सगळ्यांना दिसावी, एक पाळी दोन-तीन मिनिटांत संपावी, आणि समजवायला एका वाक्यापेक्षा जास्त लागू नये. या हिशोबाने फोनवरचे बॅटल रॉयल, म्हणजे शेवटचा उरेल तो जिंकला असे पब्जीसारखे गेम, आपोआप बाद होतात, कारण तिथे प्रत्येकाची स्क्रीन वेगळी आणि एक मॅच अर्धा तास. त्या गेम्सला मी कमी लेखत नाही, उलट त्यांचं मूळ फॅन लोकांतच आहे, पब्जी बनवणारा ब्रेंडन ग्रीन हा आधी दुसऱ्यांच्या गेमवर मॉड, म्हणजे त्याच गेममधे फेरफार करून नवा गेम, बनवणारा माणूस होता, आणि ज्या काउंटर-स्ट्राइकने आपल्याकडचे सायबर कॅफे भरले तेही १९९९ मधे मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफवर केलेलं मॉड होतं. पण बैठकीला ते चालत नाहीत, बस.

सुरुवात मारिओने करा. सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५. काहून, तं त्याची पहिली लेव्हल नवीन माणसाला शिकवण्यासाठीच बनवली आहे आणि शिकवताना एक अक्षर लिहून दाखवत नाही. मारिओ डाव्या कडेला उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे कुठे जायचं ते न सांगता कळतं. थोडं पुढे गेलं की तो तपकिरी गूम्बा, गेममधला पहिला शत्रू, चालत येतो, बहुतेक नवीन माणसं तिथे पहिल्यांदा मरतात, आणि मरूनही नुकसान काहीच नाही कारण गेम नुकताच सुरू झालेला. दुसऱ्या वेळी उडी मारतात, डोकं प्रश्नचिन्हवाल्या ठोकळ्याला लागतं, मशरूम बाहेर येतं. आता हे मशरूम आधी उजवीकडे पळतं, पाइपला धडकतं आणि उलटं फिरून मारिओकडेच येतं. नवीन माणूस घाबरून उडी मारायला जातो पण डोक्यावर विटा आहेत, उडी पूर्ण होत नाही, मशरूम अंगावर येतंच, आणि मारिओ मोठा होतो. अशी शिकवण मी कोणत्या क्लासमधे पाहिली नाही. शिगेरू मियामोतोने स्वतः मुलाखतींमधे ही लेव्हल कशी विचार करून मांडली ते सांगितलं आहे. आणि हा सगळा गेम ४० किलोबाइटमधे बसतो, म्हणजे आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप एकच चित्र वापरलं, फक्त रंग बदलला. हे बैठकीत दाखवा, लहान पोरं ढगाकडे बोट दाखवून ओरडतात.

म्हणून पहिल्या लेव्हलला कोणी खेळत असेल तं तुम्ही गप्प बसा. "उडी मार, उडी मार" नाही. गूम्बाच्या हातून मरू द्या त्याला, शिकवायचं काम गूम्बा चोख करतो.

मारिओनंतर काँट्रा, गोळीबाराचा गेम. इथे दोघं एकत्र खेळतात, एकमेकांना वाचवतात, आणि एकाचे जीव संपले तर दुसऱ्याचे उधार घेता येतात, त्यामुळे भांडणं आणि प्रेम दोन्ही भरपूर. नवीन माणसाला तीन जीव पुरत नाहीत, तेव्हा टायटल स्क्रीनवर तो जगप्रसिद्ध कोड मारून ३० जीव घ्या: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, आणि स्टार्ट. दोघं असाल तं स्टार्टच्या आधी सिलेक्ट. आपल्याकडच्या पुष्कळ कॅसेटींमधे ३० जीव आधीच दिलेले असतात, तिथे कोडची गरज नाही. काही शहाणे याला चीटिंग म्हणतात, त्यांना याचा इतिहास सांगा. काझुहिसा हाशिमोतो नावाचा कोनामीचा प्रोग्रामर १९८६ मधे ग्रेडियस हा गेम घरच्या मशीनसाठी बनवत होता, तो त्याला स्वतःलाच इतका अवघड जात होता की टेस्टिंगपुरता त्याने हा कोड टाकला आणि तो गेममधे तसाच राहून गेला. म्हणजे गेम बनवणाऱ्यालाही मदत लागली होती, मग आत्याने घेतली तं काय बिघडलं. हाशिमोतो २०२० मधे गेला तेव्हा जगभरच्या गेमवाल्यांनी श्रद्धांजली म्हणून हाच कोड लिहिला होता. मला तो दिवस आठवला की अजूनही भरून येतं.

फायटिंग गेम जेवणानंतर काढा, लोक एकमेकांना सरावले की. टेकन ३ ला अजूनही तोड नाही. नवीन माणसाला एडी गोर्डो द्या, तो ब्राझीलचा कापोएरावाला, त्याच्या लाथांची दोन बटणं कशीही बडवली तरी काहीतरी सुंदर होतं आणि समोरचा अनुभवी खेळाडू गोंधळतो. अनुभवी लोकांनी यावर कुरकुर करायची नाही हे आधीच सांगून ठेवा. एडी गेमच्या फायटरांच्या यादीत आहे आणि तो कोणीही घेऊ शकतो.

आणि मुस्तफा. कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स हे खरं नाव व्हिडिओ गेमच्या पार्लरमधे कोणी घेतलं नाही, सगळ्यांसाठी तो मुस्तफाच. कॅपकॉमचा १९९३ चा गेम, मार्क शुल्ट्झच्या कॉमिकवरून बनवलेला, चार हिरो आणि त्यातला मुस्तफा कैरो सगळ्यात चपळ म्हणून सगळ्यांना तोच पाहिजे. एका मशीनवर तिघं खेळायचे. दुःखाची गोष्ट अशी की हा गेम घरच्या कन्सोलवर कधी आलाच नाही. कॅपकॉमने २०१८ मधे सात बीट-एम-अप, म्हणजे गुंडांना बडवत पुढे जायचे गेम, एकत्र करून विकायला काढले, फायनल फाइट, कॅप्टन कमांडो, नाइट्स ऑफ द राउंड वगैरे, त्यातही हा नाही. म्हणजे आपल्या पिढीचा सगळ्यात लाडका गेम आज सरळ मार्गाने विकत घेता येत नाही, त्याला जिवंत ठेवलं ते फॅन लोकांनी. बैठकीत त्या बंडलमधला नाइट्स ऑफ द राउंड किंवा कॅप्टन कमांडो लावा, हाताला तीच चव येते. काँट्रासाठी कोनामीचं २०१९ चं कलेक्शन आहे, स्ट्रीट फायटरसाठी २०१८ चं तिसाव्या वर्षाचं कलेक्शन आहे ज्यात बारा गेम येतात. पीसी असेल तं सेल लागेपर्यंत थांबा, स्वस्तात मिळतात.

टीव्हीचा मामला, इथे घाई करू नका

बैठक फसते ती बहुतेक वेळा टीव्हीमुळे आणि कोणाला कळतही नाही की टीव्हीमुळे फसली. नवीन माणूस म्हणतो "मला जमत नाही", कंट्रोलर खाली ठेवतो आणि परत उचलत नाही. खरं म्हणजे त्याने बटण वेळेवर दाबलं होतं, टीव्हीने उशिरा दाखवलं.

गणित सोपं आहे. गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदाची. नवे एलईडी टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी आत बरीच प्रोसेसिंग करतात आणि त्यात १०० मिलिसेकंद सहज जाऊ शकतात, म्हणजे सहा फ्रेम. टेकन ७ मधे सगळ्यात जलद ठोसा दहा फ्रेमचा असतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो लागतो. दहातले सहा टीव्हीनेच खाल्ले तं माणूस अडवणार कधी? म्हणून टीव्हीच्या सेटिंगमधे जाऊन गेम मोड चालू करा, बहुतेक टीव्हीत पिक्चर मोडच्या यादीत सापडतो. नसला तर मोशन, स्मूद, नॉइज रिडक्शन अशा नावाचं जे जे दिसेल ते बंद करा, आणि काही टीव्हींमधे एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून पीसी केलं तरी फरक पडतो. हे काम पाहुणे यायच्या आदल्या दिवशी करा. स्वतः मारिओ खेळून बघा, बटण दाबल्याबरोबर उडी लागते की मागून लागते ते हाताला लगेच कळतं.

जुन्या कॅसेटवाल्या मशीनसाठी मात्र जुना डब्बा टीव्हीच पाहिजे, पिक्चर ट्यूबवाला. त्याच्यात चित्र थांबत नाही, सिग्नल आला की लगेच पडद्यावर. कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर एक असतोच, महालात आणि इतवारीत जुन्या वाड्यांमधे विचारून पहा, भंगारात जायच्या आत सांगून ठेवा. उचलताना काचेची बाजू छातीशी धरा, सगळं वजन काचेकडे असतं आणि उलटा धरला तं तोल जातो. दोघांनी उचला. मागचं झाकण स्वतः उघडू नका, कितीही यूट्यूब पाहिलं असेल तरी नाही, ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज आत राहतो. बिघडला असेल तर जुना टीव्ही मेकॅनिक शोधा, असे काका अजून आहेत आणि त्यांना असं काम मिळालं की आनंद होतो.

बदकांची बंदूक आठवते ना, डक हंट? ती नव्या टीव्हीवर चालतच नाही, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. घोडा दाबला की पडदा एका क्षणापुरता पूर्ण काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर बघतो की काळ्यानंतर उजेड आला का. म्हणजे गोळी टीव्हीतून बंदुकीत येते! नव्या टीव्हीवर तो चौकोन उशिरा येतो, तोपर्यंत बंदुकीने बघणं संपवलेलं असतं, म्हणून नेम कितीही चांगला असो, बदक मरत नाही. डब्बा टीव्ही जमवला असेल तर ही बंदूक नक्की काढा, म्हाताऱ्या माणसांसाठी याच्यासारखा गेम नाही कारण बटणं शिकायचीच नाहीत. आणि एक गोष्ट जी फार लोकांना माहीत नाही, एक बदकवाल्या मोडमधे बंदुकीसोबत साधा कंट्रोलरही जोडलेला असला तर त्या कंट्रोलरने बदक उडवता येतं. आजोबांच्या हातात बंदूक, नातवाच्या हातात बदक. खोलीतला आवाज मग ऐकण्यासारखा असतो.

कॅसेट आणि अ‍ॅडाप्टर

कॅसेट चालत नसेल तर फुंकायची नाही. आपण सगळ्यांनी फुंकल्या, पण चालायची ती काढून परत लावल्यामुळे, पिन परत नीट बसतात म्हणून. तोंडातली वाफ पिनांवर बसून उलट गंज धरतो. मोबाइल रिपेअरिंगवाल्यांकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, छोटी बाटली पुष्कळ वर्ष पुरते. कापसाच्या काडीला लावून पिना पुसा, काडी काळी होईल, दुसरी घ्या, काडी स्वच्छ निघेपर्यंत. मग पाच मिनिटं वाळू द्या. त्या लाखो गेमवाल्या पिवळ्या कॅसेटींमधे खरे गेम मोजकेच असतात, तेच परत परत वेगळ्या नावाने, तेव्हा आधीच बघून कामाचे गेम कोणत्या नंबरवर आहेत ते चिठ्ठीवर लिहून कॅसेटला चिकटवा. पाहुण्यांसमोर यादी शोधत बसलं की बैठक थंड पडते.

अ‍ॅडाप्टर हा खरा धोका. घरात पडलेला कोणताही गोल पिनचा अ‍ॅडाप्टर लावू नका. मशीनच्या खाली किंवा मागे किती व्होल्ट आणि प्लस आत की बाहेर याचं छोटं चित्र असतं, ते अ‍ॅडाप्टरवरच्या चित्राशी जुळलंच पाहिजे, या मशीनींमधे ते एकसारखं नसतं. चित्र पुसलं गेलं असेल तर दुकानदाराला मशीन दाखवूनच घ्या. आणि मशीन सतरंजीवर, गादीवर ठेवू नका, आतला रेग्युलेटर चांगलाच तापतो, आणि मे महिन्यात तं खोलीच आधी तापलेली असते. स्टीलचं ताट उलटं करून त्यावर ठेवा, मी तसंच करतो.

कूलर आणि लाइट

कूलरशिवाय बैठक नाही, पण कूलरची हवा ओली असते आणि खसच्या टट्ट्यांतून बारीक पाणीही उडतं. टीव्ही, मशीन, एक्स्टेंशन बोर्ड हे कूलरच्या समोर नको, बाजूच्या भिंतीला. माणसं हवेच्या झोतात, मशीन झोताबाहेर. खिडकी थोडी उघडी ठेवा नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि हात घामेजून कंट्रोलर निसटतो. कूलरची मोटर आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशनवर लावू नका, मोटर सुरू होताना झटका घेते आणि मशीन रिसेट होऊ शकतं.

लाइट जाणं हा नागपूरच्या उन्हाळ्यातला मोठा प्रश्न, कारण या जुन्या गेम्समधे सेव्ह नावाची गोष्टच नाही. काँट्राच्या शेवटच्या लेव्हलला लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बहुतेक वेळा एक स्विच असतो, इको आणि यूपीएस असं लिहिलेलं, तो यूपीएसवर करा. मग बदल इतक्या लवकर होतो की मशीनला कळत नाही. साध्या मोडवर मधे जो थोडासा खंड पडतो तेवढ्यात गेम उडतो. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि मशीन आरामात चालतात, कूलर किती वेळ चालेल ते बॅटरीवर, तेव्हा लाइट गेली की कूलरपेक्षा पंखा बरा.

मारिओमधे जीव संपले तर मात्र एक सोय आहे, लोकांना माहीत नसते: गेम ओव्हर झाल्यावर टायटल स्क्रीनवर ए दाबून धरा आणि स्टार्ट दाबा, ज्या वर्ल्डमधे मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. फक्त मशीन बंद व्हायला नको.

पाळीचे नियम, हे लिहून भिंतीवर लावा

पार्लरमधे जिंकणारा उभा राहायचा आणि हरणाऱ्याने नाणं घालून परत रांगेत. तिथे ते बरोबर होतं, तिथे सगळे शिकायलाच आलेले. घरी हा नियम लावला तर संध्याकाळभर एकच पोट्टा खेळतो आणि बाकीचे परत फोन काढतात. म्हणून घरी उलटं: दोनदा जिंकला की जिंकणारा उठेल. हरणारा बसून राहील, त्याला अजून एक संधी. जिंकून उठलेल्याने पुढच्या नवीन माणसाच्या बाजूला बसायचं आणि त्याने विचारलं तरच सांगायचं.

दुसरा नियम, हातातून कंट्रोलर घ्यायचा नाही. "दे, एवढं मी पार करून देतो" हे वाक्य बंद. माझ्या मते गेमच्या जगात याच्याइतकं वाईट वाक्य नाही. मी कितीतरी ताया, वहिन्या, लहान भाऊ पाहिले आहेत जे म्हणतात आम्हाला गेम जमत नाही, आणि खोदून विचारलं की कळतं, प्रत्येक वेळी अवघड जागी कोणीतरी रिमोट ओढून घेतला होता. ते खड्ड्यावरून उडी मारायला कधी शिकणारच नव्हते. खड्ड्यात पडू द्या दहा वेळा, खोलीतल्या सगळ्यांनी मिळून हळहळायचं, आणि अकराव्या वेळी पार झालं की टाळ्या. त्या टाळ्यांसाठीच तं आपण हे सगळं करून राह्यलो.

स्पर्धा ठेवायची असेल तर डबल एलिमिनेशन ठेवा, म्हणजे दोनदा हरल्याशिवाय कोणी बाहेर जात नाही. आठ जण असले की १४ किंवा १५ मॅच होतात, एक मॅच पाच मिनिटांची धरली तं सव्वा तासात मोकळे. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं तर आठ जणांच्या २८ मॅच होतात, तेवढा धीर कोणाला नसतो. पैसे लावायचे नाहीत, पाच रुपयेही नाही. पैसे आले की नवीन माणूस आधी उठतो.

अफवांची वही

आता माझा सगळ्यात आवडीचा भाग. इंटरनेट घरोघरी नव्हतं तेव्हाही फॅन कल्चर होतं, ते वर्गाच्या शेवटच्या बाकावर आणि वहीच्या मागच्या पानावर होतं. अमुक बटण दाबलं की तमुक उघडतं, कोणाच्या तरी मोठ्या भावाने स्वतः पाहिलेलं. व्हाइस सिटीचे चीट कोड तर सगळ्यांनी हाताने उतरवले होते, पँझर टाइप केलं की रणगाडा, अ‍ॅस्पिरिन टाइप केलं की तब्येत ठीक.

बैठकीत एक कोरी वही ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला लहानपणी ऐकलेली एक अफवा लिहायला सांगा. मग त्यातल्या जमतील तेवढ्या तिथल्या तिथे तपासा. ज्यांना खेळायचं नाही तेही यात ओढले जातात, कारण अफवा प्रत्येकाकडे असते.

सुरुवातीला ही घ्या, ही खरी निघते: मारिओमधे एक छुपं वर्ल्ड आहे जिथून परत येता येत नाही. वर्ल्ड १-२ च्या शेवटी, बाहेर जाणाऱ्या पाइपच्या वरच्या विटा फोडून, एका ठराविक कोनातून मागे तोंड करून उडी मारली की मारिओ भिंतीतून सरकत वॉर्प झोनमधे, म्हणजे पुढच्या वर्ल्डमधे नेणाऱ्या पाइपांच्या जागी, जातो. तिथे स्वागताची अक्षरं यायच्या आत पहिल्या पाइपमधे उतरलात तर वर नाव येतं वर्ल्ड, मग मोकळी जागा, मग -१. पाण्याची लेव्हल, आणि संपली की परत तीच. खरा नंबर ३६ असतो, पण गेमकडे त्या जागी दाखवायला मोकळी टाइलच असते म्हणून तिथे काही दिसत नाही. जमायला वेळ लागतो, पण ज्या दिवशी खोलीत कोणाला जमतं तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो.

दुसरी: मारिओच्याच ३-१ मधे पायऱ्यांवरच्या कासवावर नीट उडी मारत राहिलं की जीव वाढतच जातात. हीसुद्धा खरी. पण १२७ च्या वर गेलात की आकडा उलटतो आणि पुढच्या वेळी मेलात की सरळ गेम ओव्हर. घरात कोणी कोडिंग शिकत असेल तर त्याला विचारा असं काहून होतं, आठ बिटांचा हिशोब शिकवायला याच्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरी, पोकेमॉनमधे ट्रकखाली म्यू नावाचा दुर्मिळ पोकेमॉन आहे. खोटी. पण लाखो मुलांनी तो ट्रक ढकलून बघितला आणि त्यांना कोणी सांगितलं होतं ते जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात विचारा, उत्तर एकच, एका मित्राने. चौथी स्ट्रीट फायटर दोनची, की रियू या फायटरचा गुरू शेंग लाँग गेममधे लपून बसला आहे. १९९२ मधे एका अमेरिकन मासिकाने एप्रिल फूल म्हणून ही छापली, लोकांनी तो शोधण्यात पैसे घालवले. आणि १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बोमधे खरोखरच एक लपलेला फायटर आला, अकुमा.

खोट्या निघालेल्या अफवा वहीतून खोडू नका. बाजूला कोणी सांगितली ते नाव लिहा आणि राहू द्या.

खाणं

तर्री पोहे खाल्लेला हात कंट्रोलरला लागला की संपलं, तेल बटणांच्या खालच्या रबरात उतरतं, त्याला धूळ चिकटते, आणि महिनाभरात बटण चिकट होतं. त्यामुळे खायची वेळ वेगळी ठेवा, तेवढा वेळ मशीन बंद, हात साबणाने धुऊन मगच परत. खेळताना फक्त पन्हं किंवा ताक, तेही टीव्हीसमोर जमिनीवर नाही, मागे टेबलावर. लोकांना सकाळी अकराच्या आत बोलवा, म्हणजे ऊन लागायच्या आत येतात, आणि सहा-साडेसहाला सोडा. मधली जी वेळ नागपुरात तशीही वाया जाते ती सगळी आपली.

बैठक नियमित झाली की तिची ताकद काय होते ते लाहोरवरून कळतं. २०१९ मधे अर्सलान अ‍ॅश नावाचा लाहोरचा पोरगा जपानमधे आणि मग अमेरिकेत, इव्हो या फायटिंग गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत टेकन ७ जिंकला. तोपर्यंत तिकडचे खेळाडू बाहेर कोणाला माहीतही नव्हते, आणि जिंकल्यावर तो म्हणाला की माझ्या शहरात माझ्या बरोबरीचे अजून आहेत. आपापल्या आर्केडमधे, उन्हात, एकमेकांसोबत वर्षानुवर्ष खेळून ते तयार झाले होते. मी हे वाचलं तेव्हा मला आधी आपल्या इथल्या बंद झालेल्या पार्लरांची आठवण आली.

आणि दोघंच आले तं

होतं असं, लग्नाचा सीझन असतो, कोणी गावाला जातं. रद्द करू नका. दोघांसाठी इट टेक्स टू लावा, २०२१ चा, एकट्याला खेळताच येत नाही असा बनवला आहे, स्क्रीन अर्धी अर्धी आणि दोघांकडे वेगळी हत्यारं, एकाकडे खिळे तर दुसऱ्याकडे हातोडा, त्यामुळे बोलल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. यातही नवीन माणसाला आधी निवडू द्या कोण व्हायचं ते. एका दुपारी संपत नाही, साधारण बारा-चौदा तासांचा आहे, म्हणजे पुढच्या रविवारी त्याला परत यावंच लागतं.